टपावरची पाटी

सगुणा घरत रागीट होती, हे रेवदंड्यापासून नागावपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. राग आला की ती आवाज चढवत नसे. उलट आवाज खाली आणी, आणि समोरचा माणूस ऐकायला पुढे वाकला की त्याला कळून चुके, आपलं आज काही खरं नाही.

पेणजवळच्या मिठागरांतली ती मुलगी. लग्न लवकर झालं, नवरा तापाने लवकरच गेला. सासरच्यांनी तिला मागच्या पडवीत जागा दाखवली आणि आता इथेच बसायचं म्हणून सांगितलं. ती बसली नाही. बापाशी भांडून, भावाशी अबोला धरून ती मुंबईला गेली, सुईणपणाचं आणि नर्सचं शिक्षण घेऊन आली. मिठागरात अनवाणी चालून पायांना पडलेल्या भेगा तिच्या पांढऱ्या बुटांत कायम राहिल्या. चालताना त्या दुखत, आणि त्याचाही तिला राग येई.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. किनारा आरोग्य मंडळ नावाची एक संस्था अलिबागेत निघाली आणि तिने फिरता दवाखाना सुरू केला. लढाईत वापरलेली एक जुनी मोटार मुंबईत विकत घेतली, तिच्यावर लाकडी सांगाडा चढवून बाजूंना पत्रा ठोकला, टप फळ्यांचाच ठेवला, हिरवा रंग दिला. आत एका बाजूला रोग्यासाठी खाट, तिच्या डोक्याशी औषधांचं कपाट. पुढच्या अंगाला पडदा, पडद्यापलीकडे निजायला एक फळी, स्टोव्ह, दोन भांडी आणि एक ट्रंक. ते सगुणाचं घर. आठवड्यातून एकदा अलिबागेहून डॉक्टर येत. बाकीचे दिवस गाडी गावोगाव फिरे आणि सगुणा तिच्यातच राही. मंडळाची एकच अट होती की नर्सने गाडीत राहिलं पाहिजे. ह्या अटीमुळे दुसरी कुणी बाई ती नोकरी घ्यायला तयार झाली नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष आबाशेठ. भाताच्या गिरणीचे मालक, गोरे, बोलायला गोड. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडीला फेरी मारली आणि त्यांच्या लक्षात आलं की आपलं नाव मागच्या दारावर बारीक अक्षरांत आहे. लगेच माणूस धावला. लोखंडी चौकटीत बसवलेली मोठी पत्र्याची पाटी आली, वर मंडळाचं नाव आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत आबाशेठचं. ती टपाच्या पुढच्या भागावर उभी केली, टपाला आरपार भोकं पाडली आणि लांब स्क्रू पिळून पक्की केली. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, भाषणं झाली, फोटो निघाला. त्या फोटोत सगुणाही आहे, पाटीच्या बरोबर खाली, हसते आहे. तिला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही.

पावसाळ्यात आतले रस्ते बंद होत, म्हणून गाडी ते चार महिने रेवदंड्याला एका चढावर उभी राही. चाकं चिखलात बसू नयेत म्हणून ड्रायव्हर अंबाजी तिचं तोंड वरच्या बाजूला करून ठेवी. हा अंबाजी चौलचा, वयाने मोठा, कमी बोलणारा. तो रात्री घरी जाई आणि सकाळी सायकलवरून येई.

पहिल्याच पावसात खाटेवर पाणी ठिबकायला लागलं. सगुणाने मंडळाला कळवलं. मंडळाने एक रंगारी पाठवला. त्याने वर चढून खाटेच्या बरोबर वर, म्हणजे टपाच्या मागच्या अंगाला, डांबर फासलं आणि गेला. चार दिवसांनी पुन्हा ठिबकलं. तिने पुन्हा कळवलं. रंगारी पुन्हा आला, आणखी डांबर फासून गेला. उन्हाळ्यात ते डांबर वितळून खिडक्यांवर ओघळलं, आणि तिथे टेकून बसणाऱ्या बायांची लुगडी काळी झाली. मृग लागण्याआधी सगुणा स्वतः अलिबागेला जाऊन आबाशेठना भेटली.

आबाशेठ हसून म्हणाले, “बाई, छप्पर म्हटलं की गळायचंच. माझ्या माडीलासुद्धा गळती आहे.”

“तुमच्या माडीत रोज बाळंतपणं होत नाहीत,” ती म्हणाली.

रंगारी तिसऱ्यांदा आला. डांबराचा थर वाढला. दुसरा पावसाळा लागला आणि खाटेवर पाणी होतं तिथेच होतं, फक्त आता ते काळं पडत होतं. सगुणाने खाट हलवून पाहिली, पण कपाट आणि दार ह्यांमध्ये ती दुसरीकडे मावत नव्हती. मग तिने छताखाली एक रबरी कापड चारी कोपऱ्यांनी बांधलं. त्यात पाणी साचे, पोट सुटल्यासारखं ते खाली लोंबे. तासातासाने ती ते काठीने वर ढकलून एका कडेने बादलीत ओती. एखाद्या आजारी माणसाची उस्तवार करावी तशी ती त्या टपाची करत होती, आणि दात खात होती.

आषाढातल्या एका दुपारी कोळीवाड्यातून गुणाजी धावत आला. त्याच्या बायकोला, शकूला, दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या होत्या. सगुणा गेली. घरात चूल पेटलेली, धूर कोंडलेला, शकूची सासू भागुबाई उशाशी बसलेली. शकूच्या अंगावरून जात होतं. सगुणाने तपासलं आणि सांगितलं, हिला गाडीत घ्या, माझं सगळं सामान तिथे आहे. भागुबाई नको म्हणाली. इथे ऊब आहे, पावसात हलवू नको, तू सामान इकडे आण, असं तिचं म्हणणं. सगुणाने तिला गप्प केलं. तिचं ऐकायची लोकांना सवय होती. शकूला पाटावर बसवून, वर ताडपत्री धरून चौघांनी गाडीत आणलं.

बाळंतपण अवघड गेलं. बाहेर असा पाऊस की समोरचं माणूस दिसत नव्हतं. अंबाजीला तिने लगेचच अलिबागेला डॉक्टरांना आणायला पाठवलं होतं. पण वाटेत माड आडवा पडला होता आणि एस.टी. पलीकडेच थांबली होती. संध्याकाळच्या आत मूल झालं. मुलगा. अगदी लहान, ओंजळीत मावेल एवढा, पण रडला. सगुणाने त्याला पुसलं, कापसात गुंडाळलं, शकूच्या छातीशी ठेवलं. मग ती शकूचं रक्त थांबवायच्या मागे लागली. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. वरच्या रबरी कापडाकडे बघायला कुणी नव्हतं.

एका कोपऱ्याची गाठ सुटली. साचलेलं सगळं थंडगार पाणी आईवर आणि मुलावर एकदम पडलं.

भागुबाईने मुलाला उचललं. कापूस चिंब. कपाटातला दुसरा कापूस काढला तर तोही ओला, कारण पाणी कपाटाच्या मागून केव्हापासून झिरपत होतं. सगुणाने पडद्यामागची स्वतःची लुगडी आणली, स्टोव्ह पेटवायला गेली तर काड्या सादळलेल्या. भागुबाईने मुलाला पोटाशी धरलं आणि भर पावसात ती घराकडे, चुलीकडे धावली. मूल घरी पोचेपर्यंत निळं पडलं होतं. दिवेलागणीला ते गेलं. शकू वाचली.

ते मूल कोरडं राहिलं असतं तर जगलं असतं का? डॉक्टर नंतर म्हणाले की इतक्या लवकर झालेलं मूल सहसा जगत नाही. सगुणाने ते ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी त्यांच्यापाशी तो विषय काढला नाही. पण तिने ते मानलं नाही.

वाट मोकळी झाल्याबरोबर ती अलिबागेला गेली. आबाशेठ पेढीवर गादीला टेकून बसले होते. तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. आबाशेठनी डोळे मिटले, हात जोडले आणि देवाची इच्छा म्हणाले.

सगुणाचा आवाज खाली आला. “देवाला कशाला मध्ये घेता? गळतीची तक्रार मी देवाकडे केली नव्हती. तुमच्याकडे केली होती.”

पेढीवरची माणसं कामं थांबवून बघायला लागली. आबाशेठचा गोडवा आटला. पाऊस संपला की गाडी दुरुस्तीला मुंबईला पाठवू, तोवर तिला कुणी हात लावायचा नाही, गाडी मंडळाची आहे, असं त्यांनी बजावलं. आणि नर्सने आपली पायरी ओळखून बोलावं, हेही.

परतल्यावर ती सरळ शकूकडे गेली. शकू भिंतीला टेकून बसली होती. दूध येत होतं, प्यायला कुणी नव्हतं. भागुबाईने तिची छाती कापडाने घट्ट बांधली होती. सगुणा तिच्यासमोर बसली आणि अलिबागेत काय झालं, आपण शेठला काय सुनावलं, ते सांगायला लागली. तिला वाटलं होतं, शकूलाही तितकाच राग येईल, दोघी मिळून त्या माणसाला शिव्या घालतील.

शकूने सगळं ऐकलं. मग म्हणाली, “शेठ कोन त्यो मला ठावं न्हाय. मी तुज्या गाडीत आले व्हते.”

सगुणा काही बोलणार, तेवढ्यात शकू पुन्हा म्हणाली, “गलतंय ते तुला ठावं व्हतं. तरी तू मला तिथं निजवलंस. जा आता.”

भागुबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती वळली नाही.

सगुणा उठली. कोळीवाड्यातून गाडीकडे येताना तिला कुणी हाक मारली, तिने ओ दिली नाही. दोन पावसाळे ती रागावलेली होती, रंगाऱ्यावर, मंडळावर, आबाशेठवर. राग करणं म्हणजेच काहीतरी करणं, असं तिला वाटत आलं होतं. आणि ह्या दोन पावसाळ्यांत एकदासुद्धा ती स्वतः शिडी लावून टपावर चढली नव्हती. चीड आता तिच्याच अंगावर उलटली, आणि ती आधीच्या सगळ्या चिडीहून वाईट होती.

श्रावणात उघडीप पडली. सगुणा किनाऱ्यावर गेली. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या होत्या आणि शिवदास त्यातल्या एकीचे सांधे भरत बसला होता. हा होड्या दुरुस्त करणारा म्हातारा. सगुणाने त्याला गाडीचं काम सांगितलं. लोखंडाच्या गाडीतलं आपल्याला काही कळत नाही, असं म्हणून तो आधी नकोच म्हणाला. आत सगळं लाकूड आहे असं तिने सांगितल्यावर आला.

शिवदासनेही आधी तेच केलं जे रंगाऱ्याने केलं होतं. ओल जिथे दिसत होती तिथेच, मागच्या टपावर, त्याने सांधे खरवडले, राळ आणि तेल कढवून त्यात कापूस भिजवून ठासून भरला. काम चोख होतं. अंबाजीने टपाच्या मागच्या भागावर घागरी ओतल्या. सगुणा आत उभी राहिली. एक थेंब पडला नाही. शिवदास खूश होऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी सर आली आणि खाटेवर पाणी.

सगुणाने अंबाजीच्या हत्यारांतली पहार उचलली आणि छताची आतली फळी उचकटायला घेतली. अंबाजी दारातून म्हणाला की मंडळाची गाडी आहे, हात लावू नका म्हणून शेठनी सांगितलंय. तिने ऐकलं नाही. खाटेवर उभी राहून ती फळ्यांवर फळ्या ओढत होती. खिळे करकरत निघत होते, कुजका भुसा तिच्या तोंडावर, केसांत पडत होता. तिचे डोळे भरून आले होते, भुशाने किंवा आणखी कशाने. एवढ्यात ती थांबली.

फळ्यांच्या मागे लाकडाची एक पट्टी पुढून मागपर्यंत गेली होती. तिच्यावर ओलीचा काळा माग होता. तो मागच्या टोकाला, खाटेवर, संपत होता. पण सुरू तिथे होत नव्हता. सगुणाने पुढची फळी काढली, मग त्याच्या पुढची. माग पुढे पुढे जात राहिला, तिच्या पडद्यापर्यंत, पडद्याच्या पलीकडे, तिच्या फळीच्या वरपर्यंत. तिथे टपातून चार स्क्रूंची गंजलेली टोकं आत आली होती आणि प्रत्येकाच्या टोकाला एक थेंब लोंबत होता.

गाडीचं तोंड चढावर होतं. पाणी पुढे शिरत होतं आणि पट्टीवरून वाहत मागे येत होतं. पुढे कधी एक थेंब पडला नाही, म्हणून पुढे कुणी पाहिलं नाही. रंगाऱ्याचं डांबर आणि शिवदासची राळ, सगळं दोन पावसाळे भलत्याच जागी लागलं होतं.

तिने अंबाजीला आत बोलावून दाखवलं. त्याने एका टोकाचा थेंब बोटावर घेतला. मग गेला आणि शिडी घेऊन आला. पण शिडीवर पाय ठेवताना तो थबकला. पाटी काढली तर आपली नोकरी जाईल, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं; घरात खाणारी तोंडं पुष्कळ होती. सगुणाने त्याला बाजूला केलं. पदर खोचून ती स्वतः चढली. स्क्रू गंजून बसले होते, फिरेनात. तिने छिन्नी लावून हातोड्याने त्यांची डोकी उडवली. ठोक्यांचा आवाज कोळीवाड्यापर्यंत गेला, माणसं जमली. चौथं डोकं उडालं तशी तिने पाटीला लाथ घातली. पाटी टपावरून खाली चिखलात पडली, अक्षरं खाली.

पाटीखालचं लाकूड भिजलेल्या पावासारखं झालं होतं. तिचं बोट आरपार गेलं. शिवदासला पुन्हा बोलावलं. त्याने कुजकं कापून काढलं. वर ताडपत्री बांधून, आत शेगडी पेटती ठेवून त्यांनी उरलेलं लाकूड सुकवलं. घाईने ओल आत कोंडली तर पुन्हा कुजेल, म्हणून सुकेपर्यंत हात लावायचा नाही असं ठरलं. मग सागाचा नवा तुकडा बसवला, भोकांत राळेचा कापूस ठासला, वरून पत्र्याचं ठिगळ मारून त्याच्या कडा भरल्या. ह्या वेळी पाणी ओतताना त्यांनी मागून सुरुवात केली आणि वीतवीत पुढे सरकत, प्रत्येक ठिकाणी थांबून, आत बघत गेले. खिडकीच्या वर एक बारीक फट सापडली, तीही भरली.

त्यानंतर जो पाऊस आला तो दिवसभर कोसळला. सगुणा खाटेच्या कडेला बसून वर बघत होती. छत कोरडं होतं. अंबाजी चहा घेऊन आला, त्याला वाटलं बाई आज तरी हसतील. तिचा चेहरा बघून त्याने पेला खाली ठेवला.

“एवढंच होतं,” ती म्हणाली. “एवढंच काम होतं, अंबाजीदादा.”

पाटीची बातमी अलिबागेला पोचायला वेळ लागला नाही. पंधरा ऑगस्टला मुंबईहून पाहुणे गाडी बघायला यायचे होते. आबाशेठ मिस्त्रीला घेऊन स्वतः आले. पाटी धुऊन गाडीच्या चाकाला टेकवून ठेवली होती. आबाशेठनी टपावरचं ठिगळ पाहिलं आणि मिस्त्रीला पाटी पूर्वी होती तिथे बसवायला सांगितलं. मिस्त्रीने शिडी लावली. सगुणा शिडीच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसली.

आबाशेठ म्हणाले, “उठा बाई. नाहीतर आजपासून कामावर येऊ नका.”

“काढा मला. पाटी दाराला लावा, चाकाला लावा, माझ्या कपाळाला लावा. पण ह्या टपाला भोक पाडायचं असेल तर आधी त्या घरात जा,” तिने कोळीवाड्याकडे हात केला, “आणि शकूला विचारून या.”

आबाशेठनी तिकडे पाहिलं. कोळीवाड्यातली माणसं जमली होती, त्यांत शकूचा नवरा गुणाजी होता. तो जागचा न हलता शेठकडे बघत होता. आबाशेठनी मिस्त्रीला खूण केली आणि मोटारीत जाऊन बसले. पाटी मागेच राहिली. पाहुणे आले तेव्हा अंबाजीने ती तारेने पुढच्या जाळीला बांधली होती. आबाशेठ मात्र आजारी असल्याचं सांगून आले नाहीत.

सगुणाला काढण्याचा ठराव मंडळात झाला. तो तसाच राहिला, कारण तिच्या जागी त्या गाडीत येऊन राहायला कुणी मिळालं नाही. आबाशेठ तिच्याशी नंतर कधी बोलले नाहीत. आबाशेठनी मुलाबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि हे तिने त्यांना मरेपर्यंत माफ केलं नाही. गाडी चालू होती तोवर दर मृगाच्या आधी ती स्वतः टपावर चढे, बोटांनी प्रत्येक सांधा दाबून बघे, आणि तिथे दुसऱ्या कुणाला चढू देत नसे.

दीड-दोन वर्षांनी शकूला पुन्हा दिवस गेले. ती दवाखान्यात आली नाही. बाळंतपण घरातच झालं, भागुबाईच्या हातून. सगुणा पिशवी घेऊन अंगणात उभी होती, सकाळपासून दुपारपर्यंत. आत ये असं कुणी म्हटलं नाही आणि ती हटली नाही. मुलीचं रडणं ऐकलं, भागुबाईने दारात येऊन मान हलवली, तेव्हा ती वळली.

त्या हिवाळ्यात देवी टोचायला मुलं आणा म्हणून दवंडी दिली गेली. बायांची रांग गाडीच्या पायरीपासून लागली होती. शकू रांगेत नव्हती. रस्त्याच्या पलीकडे, उन्हात, मुलीला खांद्यावर घेऊन ती एकटी उभी होती. सगुणाने तिला पाहिलं. हातातलं काम संपवलं, सुई उकळून घेतली, पायरी उतरली आणि रस्ता ओलांडून गेली.

शकूने मुलीचा दंड उघडा करून पुढे केला. मुलगी कळवळून रडली. सगुणाने दंडावर कापूस दाबला, आणि तो धरायला शकूचा हात आला तेव्हाच आपला काढला.